खोगिराची भरती आणि घोड्याची पाठ

सुट्टीच्या दिवशी ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणहून कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरून टॅक्सीने दस्तुरी नाका गाठायचा आणि तेथून माथेरानच्या बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर घोड्यावरून जायचे, हा या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचा ठरलेला क्रम आहे. घोड्यावरून उतरल्यावर मांड्या भरून आल्याची आणि कंबर धरल्याची तक्रारही तितकीच ठरलेली. दोष दिला जातो तो घोड्याच्या चालीला, दगडगोट्यांच्या वाटेला, फार तर सवय नसण्याला. घोडा आणि स्वार यांच्यामध्ये असलेल्या खोगिराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्वाराला निदान बोलून दाखवता तरी येते. ज्याच्या पाठीवर ते खोगीर दिवसभर असते त्याची तक्रार मात्र पाठ सुजल्यावर, किंवा केस झडून कातडी सोलल्यावरच कळते.

हौस तेवढ्यावर न थांबलेले काही जण असतात. ते अश्वारोहणाच्या वर्गाला जातात, पुढे कर्जत, मुरबाड किंवा बदलापूरच्या बाजूला तीन-चार तासांची रपेट करू लागतात आणि क्वचित एखादा स्वतःचा घोडाही घेतो. जुन्या मराठी लष्करी परिभाषेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. त्या हिशेबाने माथेरानला जाणारे बहुतेक नागरिक बारगीर ठरतात, तर हे मूठभर लोक शिलेदार. अशा नव्या शिलेदारांना लवकरच एक प्रश्न पडतो. परदेशातील रपेटप्रेमी ज्याची वाखाणणी करतात ते ‘ट्रीलेस सॅडल’ आपणही घ्यावे काय?

यातील ‘ट्री’चा अर्थ झाड नव्हे, तर खोगिराचा आतील ताठ सांगाडा. पूर्वी तो लाकडाचा असे. आता लाकडाबरोबर फायबरग्लास आणि इतर कृत्रिम पदार्थही वापरले जातात. या सांगाड्याला घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन पट्ट्या असतात आणि पुढे त्यांना जोडणारी कमान असते. स्वार बसतो तो प्रत्यक्षात या पुलावर. त्याचे वजन पट्ट्यांवाटे कण्याच्या दोन्ही अंगांच्या लांब स्नायूंवर पसरते आणि खुद्द कणा मोकळा राहतो. बिनसांगाड्याच्या खोगिरात हा पूल नसतो. चामडे किंवा जाड कापड, त्याखाली फोम किंवा नमदा, आणि सगळे बांधून धरणारे पट्टे, एवढाच त्याचा संसार. ते घोड्याच्या पाठीवर पांघरुणासारखे बसते आणि तिच्याबरोबर वाकते.

हा प्रकार पाश्चात्त्य बाजारात गेल्या काही दशकांत नव्याने रुळला असला, तरी मराठी माणसाला तो अनोळखी असण्याचे कारण नाही. ‘खोगीर’ हा मूळ फारसी शब्द. त्याची फोड ‘घाम टिपून घेणारे’ अशी केली जाते आणि भरलेल्या गादीसारखे खोगीर हाच त्याचा जुना अर्थ आहे. कापडाच्या दोन थरांत चिंध्या, काथ्या, लोकर असे जे मिळेल ते कोंबून ही गादी फुगवायची. निरुपयोगी भरताड या अर्थी आपण सर्रास वापरतो तो ‘खोगीरभरती’ हा शब्द तेथूनच आला. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या सुरुवातीच्या एका विनोदी लेखसंग्रहाला हेच नाव दिले आणि ते घराघरांत पोहोचले. भाषेने मात्र या शब्दाला थोडा अन्यायच केला आहे. घोड्याच्या दृष्टीने पाहिले तर खोगिरात भरतीइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही, आणि सांगाडा नसेल तर सगळा भार त्या भरतीवरच येतो.

बिनसांगाड्याच्या खोगिराची बाजू घेणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. घोड्याची पाठ वर्षभर एकसारखी राहत नाही. पावसाळ्यात हिरवा चारा मिळून ती भरते, उन्हाळ्यात कामाने उतरते, आणि तरुण घोडा दोन वर्षांच्या शिक्षणात खांद्याला भरतो. ताठ सांगाडा एका मापाचाच असतो. जानेवारीत बरोबर बसलेला सांगाडा सप्टेंबरात खांद्याला चिमटा घेऊ शकतो. घोडा चालताना त्याच्या खांद्याचे फावडे मागे सरकते. सांगाड्याचे टोक त्यावर आले तर घोडा पाऊल आखडते घेतो. लवचीक खोगिरात ही अडचण बरीच कमी होते. ते वजनाला हलके असते, एकापेक्षा अधिक घोड्यांवर थोड्याफार फरकाने वापरता येते, आणि स्वाराला घोड्याच्या पाठीची हालचाल थेट जाणवते. जर्मनीतील ‘बेअरफूट’ किंवा अमेरिकेतील ‘बॉब मार्शल’ ही खोगिरे लांबच्या रपेटी करणाऱ्यांत लोकप्रिय झाली ती यामुळेच.

पण ‘लवचीक म्हणजे घोड्याला सुखकर’ असे समीकरण मांडून मोकळे होण्यात धोका आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात हिलरी क्लेटन यांच्या चमूने घोड्यांच्या पाठीवर दाब मोजणारी चटई घालून सांगाड्याचे एक आणि बिनसांगाड्याचे एक अशा दोन खोगिरांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘द व्हेटरिनरी जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. घोडा दुडक्या चालीत असताना आणि स्वार खोगिरावर बसून असताना सांगाड्याच्या खोगिराने वजन अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरवले. बिनसांगाड्याच्या खोगिरात ते स्वाराच्या बैठकीच्या हाडांखाली एकवटले आणि तेथे दाब वाढला. ही चाचणी एका विशिष्ट खोगिराची व एका विशिष्ट चालीची होती, त्यामुळे तेवढ्यावरून सगळ्या बिनसांगाड्याच्या खोगिरांना नापास करणे योग्य नव्हे. मात्र त्यामागचे तत्त्व साध्या अनुभवाचे आहे. फळीवर बसलेल्या माणसाचे वजन फळीभर पसरते, उशीवर बसलेल्याचे तो बसला तेथेच खचते. ओझे लादलेल्या घोडदळाला महिनोन्‌महिने कूच करावी लागे, अशा सैन्यांनी सांगाड्याच्या खोगिराची कास धरली त्याचे कारण यातच आहे. अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात तर दोन पट्ट्यांमधली जागा वरपर्यंत उघडीच ठेवलेली होती, म्हणजे कण्यावर काही टेकण्याचा प्रश्नच उरू नये.

त्यामुळे खरेदीला निघण्यापूर्वी पहिला हिशेब किमतीचा नव्हे, वजनाचा करावा. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून त्यांना पळवले. २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक पडला नाही. २५ आणि विशेषतः ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले आणि स्नायूंच्या दुखण्याची चिन्हे दिसली. आता हे गणित आपल्याकडच्या लहान चणीच्या घोड्याला लावून पाहावे. घोडा ३०० किलोचा असेल तर त्याचे २० टक्के म्हणजे ६० किलो, आणि तेही खोगिरासकट. ७५ किलोचा स्वार व ८ किलोचे खोगीर मिळून ८३ किलो होतात, म्हणजे सत्तावीस टक्क्यांच्याही वर. ओझी वाहणाऱ्या जनावरांसंबंधीच्या भारत सरकारच्या १९६५ च्या नियमांत तट्टावर लादायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. तो नियम पाठीवर लादलेल्या मालाचा आहे, स्वाराचा नव्हे. पण मालापेक्षा माणूस हलका ठरतो असे घोड्याच्या पाठीला वाटत असेल, असे मानायला काही आधार नाही. बिनसांगाड्याचे खोगीर हलक्या स्वाराला आणि तास-दोन तासांच्या रपेटीला उत्तम शोभते. वजनदार स्वाराने दिवसभराच्या चढउतारासाठी ते घेण्याआधी दोनदा विचार करावा.

दुसरी गोष्ट पाठीच्या घडणीची. काही घोड्यांच्या मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मधोमध, स्पष्ट उंचवटा असतो. काहींची पाठ मात्र पिंपासारखी गोल आणि जवळजवळ सपाट असते. गोल पाठीच्या घोड्याला योग्य रुंदीचा सांगाडा मिळणे कठीण, म्हणून त्याचा मालक बिनसांगाड्याच्या खोगिराकडे वळतो. नेमके अशाच पाठीवर ते खोगीर गोल फिरण्याचा संभवही सर्वांत अधिक असतो, कारण त्याला अडवून धरणारे काहीच नसते. मग तंग करकचून आवळला जातो आणि पाठीचे सुख पोटावरच्या जाचात गमावले जाते. याला उपाय सोपा आहे. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून स्वतःला वर ओढण्याऐवजी ओट्यावर किंवा उंच दगडावर उभे राहून चढावे. चढतानाची ती एक ओढ खोगीर जितके फिरवते तितके तासाभराची चाल फिरवत नाही. उंच खांद्याच्या घोड्यासाठी मात्र पुढच्या बाजूला ताठ कमान असलेला प्रकार निवडावा. नावाने बिनसांगाड्याच्या असलेल्या अनेक खोगिरांत अशी कमान असते आणि काहींत ती घोड्याच्या मापाप्रमाणे बदलताही येते. कमान नसलेले मऊ खोगीर अशा घोड्याच्या उंचवट्यावर थेट टेकते आणि तेथे झालेली जखम भरून यायला फार वेळ घेते.

तिसरी गोष्ट खोगिराखालच्या गादीची, आणि खरेदीतील बहुतेक चुका येथेच होतात. बिनसांगाड्याचे खोगीर साध्या कापडी घडीवर टाकून चालत नाही. त्याच्यासाठी वेगळी गादी लागते. तिच्यात कण्याच्या दोन्ही बाजूंना दाट फोमचे किंवा नमद्याचे जाड पट्टे बसवलेले असतात आणि मध्ये मोकळी नळी राहते. सांगाड्याचे निम्मे काम हे दोन पट्टे करतात. विक्रेता खोगिराचे चामडे, शिलाई, रंग हौसेने दाखवतो. ग्राहकाने आधी गादी मागावी. स्वार वर बसलेला असताना दुसऱ्या माणसाने मागून आणि पुढून नळीत हात घालून पाहावे. दोन बोटे सहज जात असतील तर ठीक. स्वार नसताना नळी दिसते आणि तो बसला की बुजते, असे असेल तर ते खोगीर कितीही देखणे असले तरी परत करावे. फोमचेही वय असते. अंगठ्याने दाबल्यावर तो तळाला लागत असेल, किंवा दाबलेला खळगा पुन्हा वर येत नसेल, तर भरती संपली असे समजावे.

चौथा मुद्दा रिकिबींचा. सांगाड्याच्या खोगिरात रिकिबीचा पट्टा सांगाड्यात घट्ट बसवलेल्या लोखंडी पट्टीला अडकतो, त्यामुळे स्वार रिकिबीत उभा राहिला तरी भार पसरतो. बिनसांगाड्याच्या खोगिरात तो बहुधा पाठीवरून आडव्या गेलेल्या एका पट्ट्याला लटकतो. स्वार उभा राहिला की त्याचे सगळे वजन त्या अरुंद पट्ट्यावाटे घोड्याच्या पाठीत उतरते. सपाट रस्त्यावर बसून चालणाऱ्याला याचा त्रास जाणवत नाही. सह्याद्रीच्या वाटांवर तसे होत नाही. चढाला पुढे झुकावे लागते, उताराला पाय टेकावे लागतात, दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला उठबस होते. खोगिराला रिकिबीचा भार रुंद पसरवणारी रचना आहे काय, हे विक्रेत्याला विचारावे आणि खोगीर उलटे करून स्वतः पाहावे.

उतारांवर आणखी एक दुखणे उद्भवते. मऊ खोगीर हळूहळू मानेकडे सरकते. त्यासाठी शेपटीखालून जाणारी दुमची हवी. चढाला ते मागे घसरते, त्यासाठी छातीवरून येणारा पेशबंद. ‘पेशबंदी’ हा शब्द राजकारण्यांनी पळवला असला तरी घाटाच्या वाटेवर तो आजही मूळ अर्थाने उपयोगी पडतो. दोन्ही पट्टे खोगीर जागेवर ठेवण्याच्या मदतीला असतात, खोगीर ओढून धरायला नव्हे. दुमची ताणलेली आणि शेपटी आखडलेली दिसली तर खोगिराचीच बैठक चुकली आहे.

आता स्वाराच्या सुखाविषयी. बिनसांगाड्याच्या खोगिराची बैठक मऊ असते, पण ती मांड्यांमध्ये रुंदही असते, कारण तिला मधून निमुळते करणारा सांगाडा नसतो. कचेरीतील खुर्चीवर आठ तास आणि लोकलमध्ये उभ्याने दोन तास काढणाऱ्या डोंबिवलीकराच्या खुब्यांना ही रुंदी पहिल्या अर्ध्या तासातच बोलू लागते. दुकानातील घोडीवर दोन मिनिटे बसून घेतलेला निर्णय म्हणूनच फसवा असतो. निदान तासभर प्रत्यक्ष घोड्यावर बसल्याशिवाय कोणतेही खोगीर पक्के करू नये. कानपूर हे देशातील खोगीर-व्यवसायाचे मोठे केंद्र आहे आणि तेथील माल जगभर निर्यात होतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांबरोबर त्यांच्या साजाचाही बाजार भरतो. कोठूनही घ्यावे, पण चाचणीनंतर परत करण्याची मुभा आहे की नाही हे आधी ठरवून घ्यावे.

त्या चाचणीला कोणतेही यंत्र लागत नाही. तासाभराच्या रपेटीनंतर खोगीर उतरवावे आणि पाठ पुसण्यापूर्वी नुसती पाहावी. दोन्ही अंगांना सारखा घाम आणि मध्ये कण्यावर कोरडी पट्टी दिसली तर ते चांगले लक्षण. घामेजलेल्या भागात हाताच्या तळव्याएवढा कोरडा डाग असेल तर तेथे दाब इतका पडला असण्याची शक्यता आहे की घामाच्या ग्रंथीही थांबल्या. कणा ओला असेल तर नळी बुजली. नंतर बोटांनी पाठ हलके दाबत जावे. घोडा पाठ खाली दबवतो, कान मागे टाकतो किंवा कातडी थरथरवतो, तेथे दुखते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावे, कारण सूज कित्येकदा रात्रीतून येते. जुन्या घोड्याच्या गडद पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात. नवखे त्यांना जन्मखूण समजतात. बहुतेकदा ते मागच्या एखाद्या खोगिराने उमटवलेले असतात.

खोगीर नेहमी एकाच बाजूला घसरत असेल तर मात्र घाईने नवे विकत आणू नये. लाइन ग्रेव्ह आणि स्यू डायसन या ब्रिटनमधील पशुवैद्यक संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की अशा घसरण्यामागे पुष्कळदा मागच्या पायातील लंगडेपणा असतो, आणि तो इतका सूक्ष्म असू शकतो की मालकाला दिसतही नाही. तपासणी आधी पायांची आणि मग खोगिराची, असा क्रम ठेवलेला बरा.

हा सगळा विचार शिलेदारांचा झाला. माथेरानला भाड्याच्या घोड्यावर बसणाऱ्या बारगिराला खोगीर निवडण्याचा अधिकार नसतो, पण घोडा निवडण्याचा असतो. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण नावारूपाला आणले. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, खासगी मोटारींना तेथे बंदी आहे आणि प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या घोड्यांची संख्या साडेचारशेच्या घरात सांगितली जाते. २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्यापासून अश्वपालांना आपल्या रोजीची धास्ती आहे. पाठ लागलेला घोडा ठाणावर उभा राहिला, तर हंगामातील कित्येक आठवड्यांची कमाई बुडते, आणि दाणागोटा मात्र चालूच राहतो. म्हणून बहुतेक अश्वपाल पाठीची काळजी स्वतःच घेतात. पर्यटकाने ‘जरा खोगीर उचलून दाखवता का?’ असे नम्रपणे विचारले तर ज्याचा घोडा निकोप आहे त्याला राग येण्याचे कारण नाही. खाली उघडी जखम किंवा चिघळलेला चट्टा दिसला तर दुसरा घोडा घ्यावा. दिवसभर ज्यावर अनोळखी, कमीजास्त वजनाचे, तोल न सांभाळणारे स्वार बसतात त्या घोड्यासाठी बिनसांगाड्याचे खोगीर सहसा योग्य ठरत नाही. अशा ठिकाणी व्यवस्थित मापाचा सांगाडा आणि स्वच्छ गादीच अधिक भरवशाची. थकून पोत्यासारखा एका अंगाला कललेला पर्यटक तर लवचीक खोगीर आपल्याबरोबरच घेऊन कलतो.

कोकणपट्टीच्या हवेचा एक प्रश्न परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही, तो भरतीच्या ओलीचा. कृत्रिम फोम व रबरी कापडाच्या गाद्या दमट हवेत पाठ उबवतात. लोकरीचा नमदा घाम शोषतो आणि हवाही खेळू देतो, म्हणून या भागात तोच बरा. पण नमदा वाळायला वेळ लागतो. जून ते सप्टेंबर या काळात त्याच्यावर बुरशी धरते आणि ओल्या गादीखाली घोड्याच्या कातडीला खपल्यांचा विकार जडतो. माथेरानच्या तांबड्या मातीचा बारीक कच गादीत शिरला की तो पॉलिश कागदासारखे काम करतो. पावसाळ्यात रपेट करणाऱ्याने एका खोगिरामागे दोन गाद्या ठेवाव्यात, एक पाठीवर आणि एक वाळत. रोज काम संपल्यावर गादी उलटी करून दांडीवर टाकावी, कोरडी झाल्यावर काठीने झोडपून कच काढावा आणि पुन्हा पाठीवर चढवण्यापूर्वी तिच्यावरून उघडा हात फिरवून पाहावा.